एकवीस दिवसांचा नियम

ईसाल्मी, ८ एप्रिल १९९१

श्रीमती आउने यांस,

केर्टूच्या अंत्यविधीला तुम्ही जानेवारीच्या थंडीत उत्तर टोकाच्या इवालोहून इतका लांबचा प्रवास करून आलात. त्याबद्दल मी तेव्हा नीट आभार मानले नाहीत, ते आता मानतो. तुम्ही तिची मावसबहीण, पण सख्ख्या बहिणीसारखीच ती तुमच्याबद्दल बोलायची.

पत्र एका कामासाठी लिहितो आहे. यंदाचं भिंतीवरचं कॅलेंडर केर्टूनं डिसेंबरातच आणून ठेवलं होतं. काल मी जुलैचं पान उलटून पाहिलं. एक तारखेपासून एकवीस तारखेपर्यंत तिनं निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली आहे. हे तिचे रिएक्को ओढ्याची रेती धुऊन सोनं शोधण्याचे दिवस.

नियम तुम्हाला माहीत आहेच. सरकारी जमिनीवर हौसेनं सोनं धुण्याचा परवाना ज्याच्या नावावर आहे, त्यानं दर उन्हाळ्यात सलग एकवीस दिवस जागेवर हजर राहून काम केलं पाहिजे. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. केर्टूनं हा नियम एकोणीस उन्हाळे पाळला. मी अडतीस वर्षं रेल्वेत गाड्यांची ये-जा सांभाळली. एकोणीस वर्षांत एकही चूक नाही म्हणजे काय, ते मला कळतं.

ती जागा जाऊ नये असं मला वाटतं. परवानाधारक हयात नसेल तर तिच्या ऐवजी पती हजर राहिलेला चालतो का? मला फावडं चालवता येतं. डास मला आवडत नाहीत, पण ते इथं लागू नाही.

फोन केला असता, पण फोनवर मला सुचत नाही.

आपला,
एन्सिओ रुउस्का

•

इवालो, १७ एप्रिल

एन्सिओ,

‘श्रीमती’ मला फक्त दातांचा डॉक्टर म्हणतो, आणि तोही दात उपटायच्या आधी. मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असले तरी मला अगंतुगं केलेलं चालतं. तुझ्या पाकिटावरचं अक्षर पाहून पोस्टमननं मला काळजीनं विचारलं, “आउने, कर खात्याचं आहे का?” मी म्हटलं, नाही, नातेवाईक आहे, तो वाढदिवसाचं कार्डही असंच लिहितो.

फोनबद्दल म्हणशील तर बरं केलंस. तीन वर्षांपूर्वी तू फोन उचललास तेव्हा मी बराच वेळ लाइन तुटली समजून हॅलो हॅलो करत होते. तू तिथंच होतास.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. पती चालतो. पण त्यानं स्वतः यावं लागतं, अर्ज पाठवून भागत नाही. जागेची काळजी करू नकोस. ती सध्या मीटरभर बर्फाखाली आहे, तिथून तिला कोणी उचलून नेत नाही.

तू एकटा जेवतोस काय? हे मी विचारते आहे, कार्यालय नाही.

आउने

•

ईसाल्मी, २५ एप्रिल

आउने,

अगंतुगं करायचा प्रयत्न करतो. पहिली दोन पत्रं जड जातील.

पती चालतो हे वाचून बरं वाटलं. आता तपशिलाचे प्रश्न. जाण्यायेण्याचे दिवस एकविसात धरतात का? केर्टू तीस जूनला निघायची आणि बावीस जुलैला परत यायची, त्यावरून धरत नसावेत असं वाटतं, पण तिला मी कधी विचारलं नाही. अवजारांत काय चालतं? तिची परात आणि चाळण इथं माळ्यावर आहे. परातीचा काठ एका बाजूनं ठोकून सरळ केलेला दिसतो. हे तिनं केलं की कोणी करून दिलं, माहीत नाही.

किती सोनं मिळालं, असं तिकडं विचारायची रीत नाही, असं केर्टू म्हणायची. म्हणून मी कधी विचारलं नाही. दर वर्षी ती औषधाच्या छोट्या बाटलीत चिमूटभर आणायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. बाटल्या एकोणीस आहेत. मी त्यांच्यावरची धूळ पुसतो.

जेवणाचं विचारलंस. बटाटे उकडतो. मंगळवारी शेजारीण राय धान्याच्या पावात भाजलेले मासे देते, ते शुक्रवारपर्यंत पुरतात.

नियमपुस्तिका मिळाली तर पाठवावी.

एन्सिओ

•

इवालो, ६ मे

एन्सिओ,

पुस्तिका माझ्याकडे एकच आहे आणि तिच्यावर कॉफीचं भांडं ठेवून ठेवून मधली पानं चिकटली आहेत. तेव्हा मीच सांगते.

फावडं, परात, चाळण, लाकडी पन्हळ चालते. मोटार, पंप, यंत्र काहीही चालत नाही. काठापासून ठरलेलं अंतर सोडून खणायचं, जिवंत झाडाच्या मुळाला हात लावायचा नाही, आणि हंगाम संपला की आपला खड्डा आपण बुजवायचा. इथपर्यंत सगळ्यांना लागू.

नव्या माणसाला याखेरीज थोडे जास्त नियम आहेत. त्यानं दोन किलो कॉफी आणायची, जाड दळलेली. जागेवर दाढी करायची नाही, साबणानं ओढा बिघडतो. वेलदोड्याचे गोड पाव करता आले पाहिजेत. येत नसतील तर शिकून यायचं. आणि सौनाच्या वाफेत बसल्यावर माणशी निदान दहा वाक्यं बोलायची. हा नियम खास तुझ्यासारख्या साव्हो प्रांतातून येणाऱ्यांसाठी आहे, कारण तुम्हाला “चहा घेणार का” विचारलं तरी तुम्ही “घेता येईल तसा” म्हणता. मीही तिथलीच, पण इथं येऊन सुधारले.

काठ ठोकलेला तिनंच. दगडावर आपटला, मग दगडानंच सरळ केला, आणि पूर्ण वेळ परातीला शिव्या घातल्या. तुझ्या घरी ती शिव्या घालायची का रे? इथं ओढ्याच्या वरच्या अंगाला बसणारे दोघे भाऊ हात थांबवून ऐकायचे.

ये तू. मेच्या अखेरीला बर्फ फुटतं, जुलैत पाणी उतरलेलं असतं.

आउने

•

ईसाल्मी, २७ मे

श्रीमती आउने यांस,

सहा मेच्या पत्रात तुम्ही दिलेल्या नियमांपैकी काहींचा अर्थ मला स्पष्ट झाला नाही. चूक माझ्याकडून होऊ नये म्हणून मी परवाना कार्यालयाला लेखी विचारणा केली. कॉफी किती जाड दळलेली असावी, दाढीची बंदी कोरड्या वस्तऱ्याला लागू आहे का, आणि दहा वाक्यं रोजची की एकूण, असे तीन प्रश्न होते. सोबत केर्टूचं नाव आणि जागेचा पत्ता दिला होता.

त्यांचं उत्तर आलं आहे. त्यातला भाग जसाच्या तसा उतरवतो.

“आमच्या नियमांत कॉफी, दाढी अथवा संभाषण यांबाबत तरतूद नाही. परवानाधारकानं ठरावीक दिवस हजर राहावं अशीही अट नाही. केर्टू रुउस्का या नावानं रिएक्को ओढ्यावर अथवा अन्यत्र कधीही परवाना दिलेला नाही. तिथं परवाना श्रीमती आउने वाल्ले यांच्या नावानं आहे. आपल्या दुःखात सहभागी आहोत.”

शेवटचं वाक्य कार्यालयातल्या बाईंनी हातानं लिहिलं आहे.

कॉफीची थट्टा मला समजली. उशिरा समजली, पण समजली. त्याबद्दल राग नाही. दोन किलो घेऊन ठेवली होती, ती वापरीन.

पण एकवीस दिवसांचा नियम तुम्ही केलेला नाही. तो मला केर्टूनं १९७२ साली सांगितला. एकोणीस वर्षं दर तीस जूनला मी तिची बॅग गाडीत चढवली. तो नियम नव्हता, तर ती कशासाठी जात होती? आणि कुठं?

एन्सिओ रुउस्का

•

इवालो, १ जून

एन्सिओ,

कुठं, याचं उत्तर आधी देते. इथंच. माझ्या जागेवर, माझ्या झोपडीत, खिडकीखालच्या पलंगावर. एकही उन्हाळा दुसरीकडे कुठं गेली नाही. कार्यालयाला विचारायची गरज नाही, वरचे दोघे भाऊ शपथेवर सांगतील.

परवाना तिचा नव्हता, कारण तिला तो लागत नव्हता. परवानाधारक सोबत असेल तर पाहुण्याला त्याच्या जागेवर परात फिरवता येते. हे खरं आहे, पुस्तिकेच्या न चिकटलेल्या पानावर आहे. बाटल्यांतलं सोनं तिनंच धुतलं, पाठ मोडून. तेही खरं.

नियम तिनं तुझ्यासाठी केला. तुला आठवत नसेल. १९७० साली तिनं तुला म्हटलं, आउनेकडे जाईन म्हणते काही दिवस. तू म्हणालास, बघू. ७१ साली म्हटलं, तू म्हणालास, बघू, सुट्ट्यांचा तक्ता लागू दे. तू नाही म्हणाला नाहीस, हे ती मला तीनतीनदा सांगायची. एन्सिओ वाईट नाही गं, तो नाही म्हणतच नाही. पण तुझं ‘बघू’ ऐकलं की तिला वाटायचं, आपण काहीतरी जास्तीचं मागतो आहोत. मग ती स्वतःच विषय बंद करायची. तिला स्वतःसाठी काही मागता येत नव्हतं. लहानपणी आमच्या आजोळी ती तहान लागली तर म्हणायची, मांजराला पाणी हवंय.

बहात्तरच्या जूनमध्ये तुला म्हणाली, आउनेनं माझ्या नावानं जागा घेतली आहे, एकवीस दिवस हजर नाही राहिलं तर जाते. तू विचारलंस, सलग की तुटक? ती म्हणाली, सलग. तू उठलास आणि वेळापत्रक काढलंस. तिनं मला इथं येऊन सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी हसून हसून सौनाच्या पायरीवर बसलो. “मला जायचंय म्हटलं तर तो दोन वर्षं विचार करतो, आणि नियम आहे म्हटलं तर बॅग उचलतो.”

तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हाच मी हे लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. ते पत्र वाचून मला वाटलं, हा माणूस येईल. खरं सांगितलं तर येणार नाही. म्हणून मीही तिच्यासारखाच नियम पुढं केला, आणि वर कॉफी मागितली. तू कार्यालयाला खरंच विचारशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एकोणीस वर्षं तुझ्याच गोष्टी ऐकत आले.

रागाव, पण लिही.

आउने

•

इवालो, १७ जून

एन्सिओ,

दोन आठवडे झाले. साव्होच्या हिशेबानं हे अजून मौनात धरत नाहीत, पण मी आता उत्तरेची, लाप्लँडची आहे.

झोपडी उघडली. ओढा स्वच्छ आहे. डास वेळेवर आले आहेत, तुझ्या गाड्यांपेक्षा वेळेवर.

मागच्या पत्रात मी हसण्याचं तेवढं लिहिलं. पुढचं राहिलं, आणि ते तुझ्याकडे पोचायला हवं.

तो नियम पुढं तिला सुटेना. दर वर्षी म्हणायची, यंदा घरी गेल्यावर सांगते. पण तू तो इतका मनावर घेतलास. तिच्यासाठी गाड्यांच्या वेळांचं कार्ड टंकून द्यायचास. शेजाऱ्यांना सांगायचास की माझ्या बायकोची उत्तरेत जागा आहे आणि ती एक दिवस चुकवत नाही. ती म्हणायची, आता कसं सांगू गं, त्याला त्याचा अभिमान आहे.

मग ८६ साल. जूनमध्ये तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. तिला यायचं नव्हतं. तुझ्याजवळ राहायचं होतं. आणि तू टाके घातलेल्या पोटाला उशी धरून स्टेशनवर आलास, तिची बॅग दुसऱ्या कोणाकडून गाडीत चढवलीस आणि म्हणालास, नियमाला आजारपण कळत नाही. ती इथं पोचली आणि पहिल्या दिवशी एक शब्द बोलली नाही. केर्टू, जिचं तोंड बंद करायला मी वेलदोड्याचा पाव द्यायचे. खाली बसून पोतंभर बटाटे सोलले. आम्ही दोघी, आणि पोतंभर बटाटे. आठवडाभर तेच खाल्ले. शेवटी म्हणाली, “नियम माझाच, आणि मलाच त्यातून सुट्टी नाही. तो उशी धरून उभा होता आउने, माझ्या जागेसाठी. आता जागाच नाही असं कसं सांगू?”

मी म्हटलं, आजच्या बसनं परत जा. ती म्हणाली, गेले तर त्याला वाटेल जागा गेली.

तेव्हा तिनं तुला फसवलं असं वाटत असेल तर वाटू दे. पण तिची सुटका झाली आणि तू एकटा फसलास, असं समजू नकोस.

आता माझं. एप्रिलमध्ये घसरून माझं डावं मनगट मोडलं. लिहिलं नाही, कारण तू मलमाच्या सूचना पाठवल्या असत्यास. प्लास्टर निघालं, पण भरलेलं फावडं उचलत नाही. माझ्या परवान्याचं नूतनीकरण ऑगस्टअखेर करायचं आहे. अर्ज टेबलावर आहे, कोरा. एकटीनं ओढ्याकडे बघत बसायला परवाना लागत नाही, तेव्हा भरू की नको ते ठरत नाही.

तू यावंस असा कुठलाही नियम नाही. मी शोधून पाहिला. तू यावंस असं मला वाटतं, एवढंच आहे.

आउने

•

ईसाल्मी, २९ जून

आउने,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर चार वेळा लिहिलं. हे पाचवं.

१९७० चं मला आठवतं. ‘बघू’ म्हणालो होतो. मला खरंच बघायचं होतं. सुट्ट्यांचा तक्ता आला की त्यात तिचे दिवस बसवायचे, असं डोक्यात होतं. तक्ता आला, मी बसवले नाहीत, तिनंही पुन्हा काढलं नाही. मला वाटलं तिची इच्छा गेली. यात तिची चूक नाही.

८६ चं तुला माहीत नसलेलं सांगतो. फलाटावर तिनं दोनदा विचारलं, “जाऊ ना नक्की?” मला वाटलं तिला जागेची काळजी लागली आहे आणि ती माझ्यासाठी मन मारून थांबेल. ती थांबावी असं मला वाटत होतं. पोट दुखत होतं. सूप गरम करायला उभं राहवत नव्हतं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित ‘थांब’ म्हणालो असतो. पण गाडीची वेळ झाली होती. मी म्हणालो नियम आहे. ते तीन आठवडे फार वाईट गेले. ती परत आल्यावर मी म्हणालो, सगळं ठीक होतं.

म्हणजे ती तिथं बटाटे सोलत होती आणि मी इथं सोफ्यावर पडून होतो, आणि दोघांनाही एकच हवं होतं. तुझं पत्र आल्यापासून मी हेच धरून बसलो आहे. आधी राग आला, मग आला नाही. काल खिडकीतल्या बाटल्या पुसताना ८६ ची शोधली. सगळ्या सारख्याच दिसतात. तिनं वर्षं लिहिली नव्हती.

ती तुझ्याकडे इतकं बोलायची, हे मला माहीत नव्हतं. शिव्यांचंही नाही. घरी ती कमी बोलायची. मला वाटायचं तिचा स्वभावच तसा आहे, माझ्यासारखा. काय बोलायची, ते ऐकायला मला आवडेल. माझ्याबद्दलचं असेल तरी.

मनगटाबद्दल सूचना करत नाही. एवढंच सांगतो की ते उबेत ठेवावं.

आता कामाचं. पुस्तिका मी कार्यालयाकडून मागवली आणि वाचली. परवानाधारक सोबत असताना पाहुण्याला फावडं आणि परात दोन्ही चालतात. तेव्हा तू अर्ज भर. तू काठावर बसून सांग, मी खणीन, आणि शरदात खड्डा बुजवीन. मला नीट खणता येणार नाही. बोलताही फार येणार नाही. गोड पावाचे दोन घाणे केले, पहिला शेजारणीच्या कुत्र्यानंही तसाच टाकला.

एक तारखेला मी निघत नाही. गुरुवारी चार तारखेला निघतो, कारण सोमवारी आमच्या इमारतीची धुराडी साफ करायला माणूस येतो आणि त्याला मी दार उघडायचं कबूल केलं आहे. रोवानिएमीहून बस आहे. शुक्रवारी दुपारी पोचेन. किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही.

तिकीट काढायला आज स्टेशनवर गेलो. खिडकीत वेसा होता, माझ्या हाताखाली काम शिकलेला. म्हणाला, “इवालो? रुउस्कासाहेब, तिकडं काही काम निघालं का?”

मी म्हणालो, “नाही. मला जायचंय.”

त्यानं पुढं काही विचारलं नाही. तिकीट फाडलं आणि दिलं. हे इतकं सोपं असतं, मला माहीत नव्हतं.

एन्सिओ